फळा आपला, म्हणजे कुणाचा

माझा मुलगा 'नको' म्हणतो ते भोंगाताईंच्या आवाजात.

म्हणजे तो स्वतः बोलत नाही. चौथं वर्ष लागलं तरी तोंडातून शब्द नाही. त्याच्या हातात एक टॅबलेट असतो, त्यावर चित्रांची घरं, आणि घरावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो. 'पाणी' माझ्या आवाजात. 'भूर' त्याच्या बाबाच्या. 'झोप' आमच्या केंद्रातल्या जुळ्यांच्या आईच्या आवाजात. ती तो शब्द इतका ओढून म्हणते की ऐकणाऱ्यालाच जांभई यावी. आणि 'नको' भोंगाताईंचा, त्याही तिथल्याच एक आई. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण त्या खाली रस्त्यावर बोलल्या की वरच्या खोलीतली मुलं दचकतात, म्हणून पडलं, आणि त्यांनीही ते हौसेने ठेवून घेतलं. आमच्या घरी भाताचा घास पुढे केला की एवढ्याशा पोराकडून पोक्त बाईचा खणखणीत 'नको' येतो. सासूबाई आधी दचकायच्या. आता म्हणतात, "वाढ गं तिला पण. आली जेवायला."

हा चित्रांचा फळा आम्ही आयांनी केला. उशिरा बोलणाऱ्या मुलांचं केंद्र एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भरतं. मुलं आत, आया बाहेर जिन्यापाशी बाकावर. खालून शिलाई मशीनची घरघर, वर आमची कुजबुज. केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणतात. त्यांनीच एक दिवस इंटरनेटवरच्या एका साधनावर फळा उघडला. आपापल्या घरून सगळ्यांना एकाच वेळी त्यावर काम करता यायचं; एकीने चित्र काढावं, दुसरीने आवाज घालावा. उद्घाटनाला पाहुणे आले होते. मॅडमनी फळ्याच्या माहितीच्या चौकटीत एक ओळ लिहिली आणि उभं राहून वाचून दाखवली: 'हा फळा आपला आहे. कोणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा.' टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कडेवरचं पोर सांभाळत, एका हाताने मांडीवर.

मग कामाला लागलो. कपड्यांच्या कपाटात तोंड घालून शब्द भरले, कारण बाहेर फ्रीज गुणगुणतो. 'दुखतंय'साठी जुळ्यांच्या आईने आधी पट्टी बांधलेलं बोट काढलं, तर मुलं कुणाच्याही हाताला पट्टी दिसली की 'दुखतंय' म्हणू लागली. मग तिने रडका चेहरा काढला. माझ्या मुलाला पेला म्हणजे पाणी हे कधी पटलंच नाही, त्याचं पाणी म्हणजे लाल झाकणाची बाटली. म्हणून त्या घरात आमच्या बाटलीचा फोटो, झाकणावरच्या दातांच्या खुणांसकट.

एक घर मात्र काढून टाकावं लागलं, 'माझं'चं. ते आलं आणि वर्गाचं कोर्ट झालं. एकाने गाडी धरावी, दुसऱ्याने 'माझं' दाबावं, तिसऱ्याने दोघांच्या वर पडून 'माझं' दाबावं. मॅडमनी स्वतःच्या हाताने ते घर पुसलं आणि आम्हाला बजावलं की इथे माझं-तुझं चालणार नाही, इथे सगळं आपलं. मग 'आपलं' हे नवं घर त्यांनीच केलं, स्वतःच्या मधाळ आवाजात. खेळणं मधे ठेवायचं, 'आपलं' दाबायचं, सगळ्यांनी खेळायचं, अशी शिकवण. माझ्या मुलाने त्यातून आपल्या मतलबाचं तेवढं उचललं. 'आपलं' म्हटलं की वस्तू सरकून हाताशी येते. तेव्हापासून त्याला काही हवं असलं की मॅडमच्या आवाजात 'आपलं'.

असं सुरळीत चाललं असताना मॅडमचा निरोप आला. येत्या एक तारखेपासून आमचा फळा एका कंपनीकडे जात आहे, जुना फळा बंद होईल, नव्या ॲपमध्ये चित्रं नीटनेटकी आणि सगळ्यांना एकसारखी असतील, आवाजही एकच आणि शुद्ध असेल. पालकांना सवलत. सोबत नमुना जोडला होता.

मी नमुना उतरवून मुलाच्या हातात दिला. त्याने पाण्याचं घर शोधलं. बाटली नव्हती, पेला होता. बराच वेळ बघून त्याने बोट ठेवलं, आणि लिफ्टमध्ये मजले सांगणारी असावी तशी एक बाई म्हणाली, 'पाणी'. त्याने टॅबलेट उलटा करून मागे कोण आहे ते पाहिलं. मग तो पालथा ठेवला. त्या दुपारी तो एक शब्द बोलला नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही. मीच मधून मधून बाटली पुढे करत राहिले, तो पीत राहिला, जसा फळ्याच्या आधी प्यायचा तसा. एक तारखेला हे कायमचं होणार होतं. कुणी एखादी सोय काढून घेत नव्हतं, त्याची जीभ काढून घेत होतं.

फळ्याची प्रत काढून ठेवावी म्हणून मी बटण शोधलं. ते करडं होतं, दाबलं जात नव्हतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की प्रत काढायची मुभा खातेदाराची, आणि खातेदार केंद्र.

मला सगळं पुन्हा पुन्हा वाचायची खोड आहे. औषधाच्या बाटलीवरचं, सरकत्या जिन्यावरचं, खेळण्याच्या खोक्याच्या तळाशी असलेलं. नवरा मला काळजीवाहू सरकार म्हणतो, निर्णय घेत नाही, नुसती काळजी वाहते म्हणून. तर मॅडमचा निरोप वाचताना एक शब्द पायात काटा मोडावा तसा मोडला. आमचा फळा. मॅडम कधी 'आमचा' म्हणत नसत. आपलं केंद्र, आपली मुलं, आपला फळा, आणि जिना झाडायचा असला तरी आपला जिना. मी माहितीची चौकट उघडली. तिथे ओळ होती: 'हा फळा आमचा आहे.' पुढे काही नाही. घ्यावा नाही, बदलावा नाही, पुढे द्यावा नाही.

आधी वाटलं, मलाच चुकीचं आठवतंय. बाळंतपणापासून माझा माझ्या डोक्यावर फारसा विश्वास राहिलेला नाही. पण या साधनाची एक चांगली गोष्ट आहे, ते काही विसरत नाही. कुणी काय घातलं, काय पुसलं, ते सगळं 'इतिहास' या बटणामागे राहतं. मी ते दाबलं. ओळ निरोपाच्या आदल्या दिवशीच बदलली होती. जुनी ओळ खाली जशीच्या तशी होती.

मग पोर मांडीवर झोपलेलं असताना मी त्या साधनाच्या नियम आणि अटी वाचायला घेतल्या. हात बधिर झाला, अंगठा चालू होता. नवऱ्याने येऊन पाहिलं आणि म्हणाला की हे वाचणारी जगात मी एकटीच असणार, ज्याने लिहिलं त्यानेही वाचलं नसेल. मी त्याला शेवटचं पान वाचून दाखवलं. तुम्ही जे घालाल ते तुमचंच राहील. ज्या फळ्यावर घालाल त्या फळ्यावर जी परवानगी जाहीर केलेली असेल, तिच्याप्रमाणे ते इतरांना वापरता येईल. आणि एकदा दिलेली मोकळी परवानगी, ती असताना घातलेल्या गोष्टींपुरती, परत घेता येणार नाही.

"म्हणजे?" तो म्हणाला.

"म्हणजे खातं त्यांचं. बाटली माझी."

तो नुसता माझ्या बधिर हाताखाली उशी सरकवून गेला. सरकार काळजीवाहू राहिलेलं नाही हे त्याला तेव्हाच कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी बाकावर मी सगळं सांगितलं. जुळ्यांच्या आईने पहिला प्रश्न विचारला, तो माझ्याही पोटात रात्रभर होताच. आपण भांडलो आणि मॅडमनी उद्या मुलांना जागा नाही म्हटलं तर? दुसरं केंद्र शहराच्या त्या टोकाला, तिथे नाव लागेस्तोवर मुलांना मिशा फुटतील. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं तिचं म्हणणं पडलं. भोंगाताई म्हणाल्या, "करू नये हे खरं. पण मासा केवढा आहे ते तरी बघू या." खाली शिंप्याची मशीन थांबली. त्यालाही ऐकू गेलं असणार.

कंपनीची प्रतिनिधी नवं ॲप दाखवायला येणार होती, त्याच दिवशी बोलायचं ठरलं. मला बोलायला सांगितलं, कारण वाचलं मी होतं. मी म्हटलं, माझा घसा सुकतो. भोंगाताई म्हणाल्या, पाण्याचं घर आहेच.

प्रतिनिधी माझ्याच वयाची निघाली, केस घट्ट बांधलेले, लॅपटॉपच्या पिशवीचा पट्टा चिकटपट्टीने सांधलेला. तिच्यापुढे चहा आणि बशीत बिस्किटं. मॅडमनी तिची ओळख करून दिली, आमच्याकडे हात करून म्हणाल्या की या आमच्या पालक, यांचं फार सहकार्य असतं. मुलगा माझ्या मांडीवर, टॅबलेट त्याच्या हातात. मी उभी राहिले, त्यामुळे तोही उभा राहिला.

मी म्हणाले ते असं: फळ्यावर जी ओळ वाचून आम्ही काम केलं ती बदलली आहे. जुन्या ओळीप्रमाणे हा फळा सगळ्यांसाठी मोकळा होता. तो कुलूप लावून विकता येत नाही. आम्हाला आमच्या प्रती काढू द्याव्यात. आवाज मधेच चिरकला, पण वाक्य पुरं झालं.

मॅडम रागावल्या नाहीत. हसल्या. खातं केंद्राचं, तेव्हा आपला म्हणजे केंद्राचाच, त्यात एवढं काय, असं म्हणून त्या प्रतिनिधीकडे वळल्या. "पाहुण्याला आपण म्हणतो ना, घर आपलंच समजा? म्हणून पाहुणा घराचे कागद मागतो का?"

सगळे हसले. आमच्यातल्याही दोघी-तिघी हसल्या, कारण बोलणं लागू पडणारं होतं. माझे कान तापले. आणि तेव्हा भोंगाताई बोलल्या, जन्मात पहिल्यांदाच इतक्या हळू की सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"पाहुणा विटा वाहत नाही, मॅडम."

तेवढ्यात माझ्या पोटाशी मधाळ आवाज आला: 'आपलं'. मुलाची नजर प्रतिनिधीच्या बशीवर होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुन्हा दाबलं. 'आपलं'. जरा थांबून, तिला कमी ऐकू येत असेल असं समजून, तिसऱ्यांदा.

तिने बिस्कीट दिलं आणि विचारलं, "हा आवाज कुणाचा?"

सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

प्रतिनिधीने लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला आणि फळ्याचा इतिहास उघडायला सांगितलं. म्हणाली, आम्हाला सांगितलं होतं की मजकूर केंद्राच्या लोकांनी केलाय. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. 'पाणी', आवाज, मी. 'पाणी', फोटो बदलला, मी. 'दुखतंय', चित्र, जुळ्यांची आई, 'दुखतंय', चित्र, पुन्हा तीच, आणि पुन्हा. 'नको', आवाज, भोंगाताई, खाली शेरा: 'फार मोठा आहे, हळू भरावा', त्याखाली भोंगाताईंचंच उत्तर: 'हाच हळू आहे'. प्रतिनिधीला हसू आलं, तिने ते खोकल्यात लपवलं. एक आई गेल्या वर्षी गाव सोडून गेली होती, तिची सुद्धा नोंद आली, 'टाटा', आवाज. आम्ही सगळ्या त्या भिंतीकडे बघत होतो. आपापल्या घरी कपाटात तोंड घालून केलेलं काम कधी असं एकत्र, एकाखाली एक, पाहिलंच नव्हतं. केवढं होतं ते. शेवट येईचना.

मॅडमचं नाव आलं ते चारदा. पहिली ओळ लिहिली तेव्हा. 'माझं' पुसलं तेव्हा. 'आपलं' भरलं तेव्हा. आणि 'आपला'चं 'आमचा' केलं तेव्हा.

"आपला म्हणजे केंद्राचाच, असा जर आधीपासून अर्थ होता," प्रतिनिधी म्हणाली, "तर शब्द बदलला कशाला?"

"ती व्याकरणाची दुरुस्ती होती," मॅडम म्हणाल्या.

तो शब्द ऐकला आणि माझा घसा मोकळा झाला. व्याकरणाला मी घाबरत नाही. मी म्हणाले, "मॅडम, 'आपला' म्हणजे तुम्ही आणि आम्ही मिळून. पत्रात आदराने लिहितात तसा 'आपला' असेल, तर तो समोरच्याचा, म्हणजे नुसता आम्हा आयांचा. कसाही अर्थ लावा, आम्ही आत आहोत. आम्हाला बाहेर काढायला 'आमचा'च लागतो. आणि तो तुम्ही विकल्याचा निरोप धाडायच्या आदल्या दिवशी लिहिलात."

मग मी नियम आणि अटींचं शेवटचं पान प्रतिनिधीपुढे धरलं. तिने ते सावकाश वाचलं. जगात आम्ही दोघी झालो. ती फोन घेऊन जिन्यात गेली, खाली मशीन, वर तिचं बोलणं, नीट काही ऐकू येईना. जुळ्यांच्या आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं उमटली.

परत आली तेव्हा ती मॅडमशी बोलली, आमच्याशी नव्हे. कंपनीला हा फळा हवा असेल तर इतर कुणीही घेईल तसाच मोकळा घेता येईल, करणाऱ्यांच्या नावांसकट. कुलपात घालून विकता येणार नाही. "रस्त्यावर सगळ्यांसाठी ठेवलेली वस्तू मी विकत घेतली, असं वरिष्ठांना कोणत्या तोंडाने सांगू?" मग बशीतलं उरलेलं बिस्कीट तिने माझ्या मुलाला दिलं आणि ॲप न दाखवताच लॅपटॉप मिटला.

भोंगाताईंनी एक हुंकार सोडला. त्यांच्या मानाने तो हुंकारच होता. खालून शिंप्याने विचारलं, काय पडलं?

मॅडम खुर्चीत बसून होत्या. त्या एकदम लहान दिसल्या. म्हणाल्या की खोल्यांचं भाडं तुंबलंय, त्या केंद्र टिकावं म्हणूनच हे करत होत्या. मला ते खोटं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. भोंगाताईच म्हणाल्या, "केंद्र आपलंच आहे, मॅडम. भाड्याचं आपण बघू. पण फळ्याला हात लावू नका."

मॅडमनी लॅपटॉप ओढला. आधी प्रतीचं कुलूप काढलं. मग माहितीच्या चौकटीत जाऊन एकच शब्द खोडला आणि एकच लिहिला, आणि बाकीची ओळ, घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा, तोंडपाठ टाइप केली. इतिहासात त्यांची ती पाचवी नोंद. आमच्या फोनवर करडी बटणं निळी झाली. चहा निवायच्या आत प्रत्येकीची प्रत निघाली होती, आणि मुलं बाहेर आली तेव्हा साऱ्या आया, लग्न उरकल्यासारख्या, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. जिना उतरताना शिंप्याने विचारलं, जिंकलात का? भोंगाताईंनी त्याला सविस्तर सांगितलं. पलीकडच्या रस्त्यालाही कळलं.

त्या फळ्याच्या आता किती प्रती झाल्या कुणाला ठाऊक. परवा माझ्या फळ्यावर एका अनोळखी बाईचा निरोप होता. त्यांच्याकडची मुलं नदी ओलांडून शाळेत जातात, म्हणून त्यांनी होडीचं घर केलंय, आम्हाला हवं असलं तर घ्यावं. आम्ही घेतलं. आमच्याकडे नदी नाही, पण मुलाला होडी आवडली. भोंगाताईंची तक्रार वेगळीच आहे: "एवढ्या घरांत मी 'नको' म्हणते, सगळे ऐकतात. माझ्या घरात म्हणते, कुत्रं विचारत नाही."

आणि माझ्या प्रतीत मी पहिली गोष्ट काय केली, तर इतिहासातून 'माझं'चं घर परत आणलं. वर्गात कोर्ट होईल ते होवो. ज्याला 'माझं' म्हणता येत नाही त्याने 'आपलं' तरी कशातून म्हणायचं, असं मला त्या दिवसापासून वाटू लागलंय. कपाटात तोंड घालून मीच आवाज भरला.

मुलाने नवं घर दिसताच त्यावर बोट ठेवलं आणि मान वर करून खोलीकडे पाहिलं, काय काय सरकतंय ते बघायला. मग कामाला लागला. 'माझं', 'पाणी'. 'माझं', 'पंखा'. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांच्यापाशी जाऊन 'माझं', 'आजी'. त्या म्हणाल्या, "घ्या. गेलं घर हातचं," आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या की कांदा फार तिखट आहे. पुढ्यात कांदा नव्हता, मेथी होती.

मग तो माझ्याकडे आला. मांडीवर टॅबलेट ठेवला, एक बोट एका घरावर, मग थांबून दुसऱ्यावर. दोन्ही वेळा माझाच आवाज. 'माझं'. 'आई'.

नवरा दारातून ऐकत होता. घसा खाकरून म्हणाला, "ते 'माझी आई' असं हवं ना?"

मी म्हणाले, या घरात व्याकरणाची दुरुस्ती होणार नाही.